राजर्षी शाहू महाराज : लोहमार्गापासून वसतिगृहापर्यंत

ज्या थोर पुरुषांच्या विचारांवर आमच्या निवासी शाळेची उभारणी झाली, त्यांत तथागत गौतम बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमवेत राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव आम्ही नित्य आदराने घेतो. दरवर्षी २६ जून रोजी महाराजांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण होतो, विद्यार्थ्यांची भाषणे होतात. त्यांत वसतिगृहांचा, राखीव जागांचा, राधानगरीच्या धरणाचा उल्लेख हमखास येतो. लोहमार्गाचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही. या स्मरणिकेसाठी महाराजांचे चरित्र लिहावयास घेताना आम्ही नेमका तोच धागा हाती धरला आहे. त्याला कारण आमचे विद्यार्थीच आहेत.

विज्ञानाच्या तासाला लोहचुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, हा धडा चालू होता. याच तत्त्वाचा आधार घेऊन जपानमध्ये रुळांना न टेकता धावणारी आगगाडी तयार झाली आहे, असे सांगताच वर्ग चकित झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला : आपल्या गगनबावड्याला साधी आगगाडी केव्हा येणार? वर्गात हशा पिकला. परंतु आम्हांला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. वेगवान वाहने निघतात, ती कोणासाठी निघतात, कोठे थांबतात आणि कोणाला वगळून पुढे जातात, हा प्रश्न जुना आहे. कोल्हापूरच्या ज्या राजाने हा प्रश्न आपल्या राज्यापुरता सोडविण्याचा यत्न केला, त्याचे चरित्र म्हणूनच आजच्या विद्यार्थ्याने या दृष्टीने वाचले पाहिजे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापुरातील कसबा बावडा येथे लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. आमचे विद्यार्थी कधी कधी हा बावडा म्हणजे आपला गगनबावडा समजतात. ती दोन वेगळी स्थाने आहेत. आपला बावडा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, गगनगडाच्या सावलीतला. तो पंत अमात्यांच्या जहागिरीचा गाव आणि ती जहागीर करवीर राज्याच्या आधीन होती. महाराजांचे मूळ नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे अधिपती, तर माता राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातील. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना मातेचे छत्र हरपले. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा १८८३ च्या अखेरीस अहमदनगर येथे इंग्रजांच्या नजरकैदेत दुःखद अंत झाला. त्यांच्या पश्चात राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी पितृछत्रही नाहीसे झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण पार पडले.

शिक्षण चालू असतानाच त्यांच्या हस्ते एक महत्त्वाचे कार्य घडले. ३ मे १८८८ रोजी कोल्हापूर लोहमार्गाच्या कामाचा प्रारंभ त्यांच्या हातून झाला. त्या वेळी त्यांचे चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. म्हणजे आमच्या आठवीच्या वर्गातील मुलांचेच वय. मुंबई-ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी धावल्यास तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती; पण करवीरची राजधानी अद्याप लोहमार्गापासून दूर होती. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरांचे अंतर लोहमार्गाने जोडण्याचे हे काम करवीर दरबारच्या खर्चाने झाले. एप्रिल १८९१ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. मार्गाची मालकी दरबारची आणि गाड्या चालविण्याची जबाबदारी सदर्न मराठा रेल्वे कंपनीची, अशी व्यवस्था होती. हा मीटरमापी मार्ग पुढे १९७१ मध्ये रुंदमापी झाला. आज कोल्हापूरच्या स्थानकास छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे, हे औचित्याला धरूनच आहे.

बैलगाडीला मिरजेचा रस्ता कापण्यास जिथे दीड-दोन दिवस लागत, तिथे आता काही तासांत माणूस पोहोचू लागला. त्या काळच्या माणसाला हा वेग आजच्या चुंबकीय गाडीइतकाच अद्भुत वाटला असणार. परंतु नुसते रूळ आले म्हणजे प्रजेचे कल्याण होते, असे नव्हे. रुळांवरून माल बाहेर जाऊ शकतो, तसा बाहेरचा माल आत येऊन स्थानिक कारागीर देशोधडीलाही लागू शकतो. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेतल्यानंतर महाराजांनी स्थानकाजवळच बाजारपेठ वसविण्याचे ठरविले. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ उभी राहिली आणि पन्हाळा, करवीर, भुदरगड या भागांतील शेतकऱ्यांच्या गुळास हक्काची जागा मिळाली. कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले, ते या पेठेमुळे आणि पेठेच्या दारात उभ्या असलेल्या आगगाडीमुळे. पुढे १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. वाहन, बाजार आणि उद्योग ही एकाच साखळीची कडी आहेत, एक निखळली की साखळी तुटते, हे महाराजांनी ओळखले होते.

गतीची दुसरी बाजूही त्यांना लवकरच पाहावी लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगाची साथ आली आणि माणसांच्या ये-जा करण्याबरोबर ती शहरामागून शहर गाठीत गेली. ज्या गाडीतून गूळ जात होता, त्याच गाडीतून रोगही येऊ शकत होता. त्याच सुमारास दुष्काळ पडला. महाराजांनी प्लेगाच्या प्रतिबंधासाठी बंदोबस्त केला, लोकांना गावाबाहेर राहण्याची सोय करून दिली. दुष्काळात बाहेरून धान्य आणवून स्वस्त दराची दुकाने उघडली, कामे काढली, निराधारांसाठी आश्रम चालविले. साधन चांगले की वाईट, हे ते वापरणाऱ्या राज्यकर्त्याच्या दक्षतेवर ठरते, हा धडा तरुण राजास राज्यकारभाराच्या आरंभीच मिळाला.

येथे आम्हांस दुसऱ्या एका प्रवासाची आठवण देणे आवश्यक वाटते. तो प्रवास महाराजांचा नव्हे, नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाचा आहे. १९०१ साली साताऱ्याहून आपला भाऊ व भाचे यांच्यासह तो वडिलांच्या भेटीस कोरेगावी निघाला. आगगाडीने मसूर स्थानकापर्यंतचा प्रवास मोठ्या हौसेने झाला. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते, हाती तिकिटे होती. गाडीने त्यांना इतर उतारूंप्रमाणेच आणून सोडले. परंतु वडिलांना पत्र पोहोचले नसल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्थानकावरील अधिकाऱ्याची मुद्रा पालटली. दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर गाडी मिळाली. वाटेत पिण्यास पाणीही कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

या घटनेचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी घ्यावा. वाफेच्या इंजिनाला जात ठाऊक नव्हती. तिकीट घेतलेल्या प्रत्येकास ते सारख्याच वेगाने ओढून नेत होते. पण रूळ जिथे संपले, तिथून पुढे समाजाची जुनी बैलगाडी सुरू झाली. स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर इंजिनाला कापता येत नाही, ते माणसांनीच कापावे लागते. शाहू महाराजांचे उर्वरित आयुष्य या शेवटच्या अंतरासाठी खर्ची पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. महाराजांनी पाहिले, की खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा राजधानीत येऊ शकतो; पण तेथे त्याला राहावयास जागा नाही, जेवावयास पान नाही. शाळेचे दार उघडे असूनही मुक्कामाअभावी तो परत फिरतो. म्हणून एकामागून एक जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली : जैन, लिंगायत, मुसलमान आणि इतरही अनेक. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यामुळे. लोहमार्गाने गाव आणि शहर यांतील अंतर कमी केले, वसतिगृहाने शहर आणि शाळा यांतील अंतर मिटविले. ही दोन्ही कामे आम्ही एकाच रस्त्याचे दोन टप्पे मानतो. आमच्या शाळेत वाडी-वस्तीवरून येऊन राहणारी मुले त्याच दुसऱ्या टप्प्याचे वारस आहेत.

शिक्षण घेतलेल्या मुलास पुढे जाण्यास वाट नसेल तर शिक्षणाचे चीज होत नाही. यासाठी २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. ते त्या वेळी सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने विलायतेस गेलेले होते. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे, कचेऱ्या अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करण्यात आली.

आदेश कागदावर राहू नये, म्हणून महाराज तो स्वतःच्या वर्तनातून अमलात आणीत. वाहनांच्या बाबतीत त्यांनी केलेली गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी आपल्या पदरी माहूत म्हणून नेमले, कोचमन म्हणून नेमले, मोटारीचे चालकही केले. मसूरच्या वाटेवर ज्या समाजाच्या मुलांना भाड्याच्या गाडीत बसण्याची बंदी होती, त्या समाजाच्या माणसाच्या हाती छत्रपतींच्या वाहनाची दोरी आली. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून देऊन महाराज स्वतः तेथे चहा घेत, आणि बरोबरीच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत, ही कथा कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते.

बाबासाहेबांची व त्यांची भेट हा या चरित्राचा कळस होय. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायक पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. महाराज तेथे उपस्थित राहिले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. माणगाव हे मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील रुकडी स्थानकापासून जवळच आहे. चौदा वर्षांच्या राजपुत्राने ज्या मार्गाचा प्रारंभ केला, त्याच्याच शेजारी बत्तीस वर्षांनी एका नव्या युगाचा प्रारंभ झाला. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयास अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आता विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. चुंबकीय गाडीची कल्पना नवी नाही. जर्मन अभियंता हेर्मान केम्पर यांना यासंबंधीचे पेटंट १९३४ मध्ये मिळाले होते. साध्या गाडीची चाके रुळांवर घासतात, झिजतात आणि एका मर्यादेनंतर वेगास अडसर होतात. चुंबकाच्या बळाने गाडी अधांतरी तोलून धरली की हे घर्षणच उरत नाही. पुढे ढकलण्याचे कामही मार्गातील विद्युतचुंबकच करतात. जणू गोल फिरणारी विजेची मोटार उलगडून लांबच लांब अंथरलेली असते. चीनमधील शांघाय येथे विमानतळापासून सुमारे तीस किलोमीटरचा असा मार्ग २००४ पासून नियमित वापरात आहे. जपानच्या पद्धतीत अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात; गाडी आरंभी चाकांवर धावते आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या सुमारास सुमारे दहा सेंटिमीटर वर उचलली जाते. २१ एप्रिल २०१५ रोजी या गाडीने चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला. हवेचा विरोध मात्र चुंबकाने दूर होत नाही. वेग दुप्पट झाला की तो सुमारे चौपट होतो. म्हणून अशा वेगास वीजही फार लागते.

टोकियो ते नागोया या २८६ किलोमीटरांच्या मार्गावर ही गाडी चाळीस मिनिटांत धावावी, अशी जपानची योजना आहे. २०२७ चे उद्दिष्ट होते. ते मागे पडून आता २०३४ किंवा त्यानंतरचा काळ सांगितला जातो. विलंबाचे एक मोठे कारण आमच्या डोंगरी मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मार्गाचा बोगदा शिझुओका प्रांताच्या पर्वताखालून जातो. पण त्या प्रांतात या मार्गाचे एकही स्थानक नाही. बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी घटेल, अशी तेथील लोकांची धास्ती होती. लाभ दूरच्या दोन महानगरांना आणि पाण्याची काळजी मधल्या डोंगराला, असा तो प्रश्न होता. प्रांताने हरकत घेतली आणि जगातील सर्वांत वेगवान गाडीस चर्चेसाठी थांबावे लागले.

आपल्या देशात मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरांचा अतिवेगवान मार्ग बांधला जात आहे. ती गाडी चुंबकीय नसून चाकांवरच ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावण्याचे नियोजन आहे. बारा स्थानकांपैकी महाराष्ट्रातील चार स्थानके मुंबई, ठाणे, विरार व बोईसर ही होत. इकडे कोल्हापूर-वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरांच्या लोहमार्गाची घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. हा मार्ग झाला तर १८९१ पासून कोल्हापुरात येऊन थांबलेले रूळ सह्याद्री उतरून कोकण रेल्वेस मिळतील. आज मात्र कळे, साळवण, असळज या वाटेने रस्ता गगनबावड्यास येतो, करूळ व भुईबावडा घाटांनी खाली उतरतो आणि पावसाळ्यात पुराचे पाणी आले की बंद पडतो. अशा दिवसांत आमच्या वसतिगृहातील मुलांस घरची वाट तोडून राहावे लागते. त्यांना ताशी ६०० किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पाण्यावर न बुडणारा एक पूल मोलाचा असतो.

याचा अर्थ आम्ही वेगाचे वैरी आहोत, असा कोणी करू नये. महाराज नव्या साधनांना घाबरणारे नव्हते. त्यांनी लोहमार्ग, गिरणी, मोटार आणि धरण ही सारी आपलीशी केली. आमची मुले चुंबकीय गाडीचे अभियंते व्हावीत, अतिवाहकांवर संशोधन करावे, अशी आमचीही मनीषा आहे. पण आराखडा काढावयास बसतील तेव्हा त्यांनी दोन प्रश्न विचारावेत. ही गाडी कोठे थांबणार? आणि स्थानकावर उतरलेल्या शेवटच्या मुलास घरापर्यंत कोण नेणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याने द्यावयाचे, दुसऱ्याचे समाजाने. महाराजांनी राजा असूनही दोन्ही प्रश्न स्वतःला विचारले.

तथागत पंचेचाळीस वर्षे पायी चारिका करीत राहिले. त्यांच्या चालण्यास वेग नव्हता, पण वाटेत रस्ता झाडणारा सुनीत दिसला तेव्हा ते थांबले आणि त्यास संघात घेतले. वाहन कितीही वेगवान होवो, कोणासाठी थांबावे हे ज्याला कळते त्याचाच प्रवास सार्थ होतो. महाराजांना ते कळले होते. आमच्या विद्यार्थ्यांस ते कळावे, एवढ्याचसाठी या स्मरणिकेत हे चरित्र आम्ही सादर केले आहे.